भुलीतले दोन दिवस

माझ्या पित्ताशयात खडे आहेत हे मला कळायच्या आधी पुण्यातल्या मुलाला कळलं. सोनोग्राफी माझ्या पोटाची, केंद्र साताऱ्यातलं, पण तिथल्या मुलीने रिपोर्ट पाठवायला मोबाईल नंबर विचारला आणि आमच्या ह्यांनी सवयीने मुलाचा सांगून टाकला. गॅस असो, बँक असो, रेशन असो, आमच्या घरात नंबर विचारला की मुलाचाच देतात. मी पोटावरचं ते थंडगार चिकट जेल पुसून पदर सावरते आहे तोवर ह्यांचा फोन वाजला. पलीकडून मुलगा म्हणाला, "आईला सांगा, तेलकट बंद."

मी फोन ओढून घेतला. "का रे बाबा?"

"खडे आहेत. वाचला मी रिपोर्ट."

"मग मलाही वाचू दे की. पोट माझं आहे."

"पाठवतो," म्हणाला, आणि पाठवला तो घरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर. बसस्टँडपर्यंत येईतो दोन्ही जावा, नणंद, फलटणला दिलेली माझी मुलगी आणि तिच्या सासरची मंडळी, सगळ्यांनी माझं पित्ताशय बघितलं. कुणी हात जोडले, कुणी फुलं पाठवली. धाकट्या जावेच्या बोटाचा नेम चुकला, तिने केक पाठवला.

सर्जनकडची वेळ अकराची होती. अकराची वेळ म्हणजे अकराला येऊन बसायची वेळ, हे आता मला पाठ झालं आहे. आमचे हे सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना अजून वाटतं की अकरा म्हणजे अकरा. बॅगावाले टाय घातलेले औषध कंपन्यांचे लोक आमच्या पुढून आत जायला लागले तसे हे उठून उभे राहिले.

"लाईन तोडतायत ही पोरं."

"त्यांची लाईन वेगळी असते. बसा."

"डॉक्टर एकच हाय ना? मग लाईन दोन कशा?"

आत गेलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. डॉक्टरांनी रिपोर्ट मागितला. ह्यांनी फोन पुढे केला. डॉक्टरांनी तो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, बाजूला वळवला.

"हे कुणाचे खडे?"

"माझेच," मी म्हटलं.

"कशावरून?"

मुलाने ग्रुपवर फोटो टाकताना तो नीट दिसावा म्हणून कडा कापल्या होत्या. त्यात माझं नाव, वय आणि तारीख कापली गेली. राहिलं ते बेवारस पित्ताशय. मूळ रिपोर्ट हवा असेल तर लिंक उघडायची, लिंक उघडायला ओटीपी लागणार, तो येणार मुलाच्या फोनवर, आणि मुलगा मीटिंगमध्ये. मीटिंग संपली तेव्हा लिंकची मुदत संपली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आजी, आत झोपा, आमच्याच मशीनवर बघतो." पुन्हा तो थंडगार चिकट पदार्थ. खडे जिथल्या तिथे होते, त्यांना कुठल्याच कागदाची गरज नव्हती.

इथवर सगळं नेहमीचं. ऑपरेशन ठरलं, दुर्बिणीतून, साताऱ्यातच, पुढच्या आठवड्यात. मलाही घाई होती. उजव्या फासळीखालून जी कळ निघते ती पाठीतून खांद्यापर्यंत जाते, आणि गेल्या वेळी ती भाजी मंडईत निघाली होती. मी कोथिंबिरीच्या ढिगाला धरून खाली बसले. भाजीवाल्या बाईला वाटलं, मी घासाघीस करते आहे. डॉक्टर म्हणाले, एखादा खडा नळीत उतरला तर कावीळ होईल आणि प्रकरण वाढेल, तेव्हा उशीर नको. "फक्त एकदा भुलीच्या डॉक्टरांना भेटून घ्या."

भुलीची डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची. पेन उघडून तिने एका दमात विचारलं, बीपी, शुगर, दमा, दात हलतात का, जिना चढताना धाप लागते का, पूर्वी कधी ऑपरेशन?

"एक झालंय," मी म्हटलं. "पहिल्या बाळंतपणात. सांगलीला, माहेरी. पोट उघडून मूल काढलं."

"पूर्ण भूल दिली होती?"

"दिली होती की. दोन दिवस शुद्धीवरच आले नव्हते मी."

हे मी ज्या थाटात सांगितलं तो थाट पन्नास वर्षांचा होता. त्याची थोडी हकीकत सांगायला हवी.

लग्नानंतर माझ्या सासरी बायका दुपारच्या शेंगा फोडायला बसल्या की बाळंतपणांच्या गोष्टी निघत. थोरल्या जावेला भांगलणीत, तण काढता काढता कळा आल्या, ती वाफा पुरा करून घरी आली. नणंदेला एस.टी.त कळा सुटल्या, कंडक्टरने गाडी दवाखान्याच्या दारात नेली. नवीन सून म्हणून मला बोलायला मिळायचं शेवटी, पण जिंकायची मीच. कारण बाकीच्या नुसत्या बाळंत झाल्या होत्या, मी मरून परत आले होते. तेव्हाची मी आठवते तर हसू येतं. वेणी पुढे घेऊन, आवाज खाली आणून, "मला काही म्हणता काही कळत नव्हतं," अशी सुरुवात करायची. पुढे पाटण तालुक्यात शिक्षिका म्हणून लागले, तिथल्या बायकांसमोर गोष्ट आणखी वाढली. एका वर्षी तिच्यात उजेड आला. पुढच्या वर्षी त्या उजेडात पांढऱ्या कपड्यातलं कुणीतरी उभं राहून मला म्हणालं, "परत जा." तो असलाच तर वॉर्डबॉय असणार, आणि म्हणाला असेल तर "सरका" म्हणाला असणार. पण मला कुणी अडवलं नाही आणि मीही थांबले नाही.

तर तीच गोष्ट मी या मुलीला सांगितली. उजेड वगळला, एवढंच. मला वाटलं, ती बापरे म्हणेल. तिने पेन खाली ठेवलं.

"दोन दिवस? श्वासाची नळी होती का घशात? मशीनवर ठेवलं होतं?"

"मला कसं कळणार? मी शुद्धीत नव्हते."

"घरात आणखी कुणाला भुलीचा त्रास झालाय? भाऊ, बहीण, मुलं?"

तिने समजावून सांगितलं ते असं. भूल देताना अंग ढिलं पडायचं एक औषध असतं. ते सगळ्यांच्या रक्तात लवकर विरतं, पण काही मोजक्या घराण्यांत विरत नाही. मग माणूस हलू शकत नाही, स्वतःचा श्वासही घेऊ शकत नाही, आणि त्याला मशीनवर ठेवावं लागतं. असं मला असेल तर माझ्या मुलांनाही असू शकतं. "त्या वेळचे कागद आणा," ती म्हणाली. "काय दिलं होतं, किती वेळ लागला, ते बघितल्याशिवाय मी इथे भूल देणार नाही. कागद नसतील तर पुण्याला मोठ्या ठिकाणी जा, तिथे सगळी सोय असते. तारीख मी तूर्त थांबवते."

आम्ही बाहेर आलो. एवढी वर्षं मी ती गोष्ट गाण्यासारखी म्हणत होते, आणि ती खरी असेल तर तिचा अर्थ काय, हे मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं. मुलाचा फोन आला, "पुण्यालाच या, इथे नंबर लावतो, महिनाभर लागेल." महिनाभर त्या कळा घेऊन बसायचं, आणि झोपवल्यावर मी उठेन की नाही हे पुण्यातल्या डॉक्टरलाही ठाऊक नसणार. मुलीला फलटणला फोन केला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरायचं होतं. ती म्हणाली, "आई, मग माझं पण थांबवू का?"

घरी ह्यांनी पत्र्याची पेटी उघडली. भरतीच्या दिवसापासूनचा एकूण एक कागद त्यात आहे. जम्मूला टोचलेल्या लशीची नोंद निघाली. ह्यांच्या हवाली असलेल्या एका खेचराच्या तब्येतीचा दाखलासुद्धा निघाला, शिक्क्यासकट. माझं काही निघालं नाही.

"खेचराचा कागद आहे आणि बायकोचा नाही," मी म्हटलं.

"खेचर सरकारी होतं," हे म्हणाले.

मुलगा म्हणे, सांगलीच्या दवाखान्याला ई-मेल केला आहे, उत्तर येईल. नाही आलं. तेव्हा दोघं सकाळच्या एस.टी.ने निघालो. तो दवाखाना माझ्या आठवणीत तीन खोल्यांचा आणि पुढच्या पडवीत बाकडी, असा होता. आता काचेची इमारत, लिफ्ट, आणि दारात गणपती. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. मी सांगितलं. तिने टाईप केलं. "नाही आजी, या नावाचं काही नाही."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात, पेढे वाटतात, आणि सासरी त्या दिवसापासून तीच तुम्ही. माहेरी मात्र कुणी बदलत नाही. माझी आई जाईपर्यंत तिने मला सासरच्या नावाने कधी हाक मारली नाही. आणि पहिलं बाळंतपण माहेरी.

"हे दुसरं नाव बघा," मी म्हटलं, आणि जुनं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव सांगितलं.

ह्यांना ते लागलं. "लग्नानंतरचं मूल. माझं नाव लागणार की."

"दवाखान्यात नाव सांगताना तुम्ही कुठे होता?"

"बॉर्डरवर."

"मग माझ्या वडिलांनी जे स्वतः ठेवलं तेच सांगितलं असणार ना?"

काउंटरवरच्या मुलीने मान हलवली, तिलाही पटलं. पण कॉम्प्युटरमध्ये इतकं जुनं नव्हतंच. त्याआधीचे कागद खालच्या मजल्यावर कपाटात असत, आणि मधल्या महापुरात तो मजला पाण्यात गेला. जे मोठे डॉक्टर होते ते वारले. त्यांचा मुलगा आता दवाखाना बघतो. भला माणूस. आम्हाला आत बोलावून त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, "आजी, तो कागद असता तरी त्यावर चार ओळी असत्या, त्यातली एक माझ्या वडिलांच्या अक्षरामुळे वाचता आली नसती. भूल कुणी, कशाची दिली, हे त्या काळी क्वचित लिहायचे." मग त्याने लेटरहेडवर लिहून दिलं की जुनं रेकॉर्ड उपलब्ध नाही. सही केली, शिक्का मारला. ह्यांचा चेहरा एकदम उजळला. शिक्का मिळाला होता. तो कागद घडी घालून खिशात ठेवताना म्हणाले, "चला, एक काम तर झालं."

"काय झालं? कागद नाही असा कागद मिळाला."

"तरी फाईलला लागतो."

सांगलीपर्यंत आलो आणि माहेरी न जाता परतलो असं कळलं असतं तर वहिनीने वर्षभर अबोला धरला असता. म्हणून तिथून वडापच्या, माणसं भरली की सुटणाऱ्या जीपने गावी गेलो. माझा भाऊ गेला, पण वहिनी आहे. माझ्याहून थोडी मोठी. मी पहिल्या बाळंतपणाला आले तेव्हा ती त्या घरात नुकतीच नांदायला आली होती. तिने ताट वाढलं. भाकरी, बिनतेलाची मेथी आणि ताक. ह्यांच्या ताटात मात्र वांग्याची तर्रीवाली भाजी. मी त्या भाजीकडे बघतच राहिले.

"बघू नगासा वन्सं, पोटात दुकंल," वहिनी म्हणाली. "आन सांगलीला कशापायी आला व्हता ते सांगा."

मी सांगितलं. खडे, भुलीची डॉक्टर, न विरणारं औषध, दोन दिवस.

वहिनीचा हात ताकाच्या तांब्यावर थांबला. "कसलं दोन दिवस?"

"मी शुद्धीवर नव्हते ते."

"तुमी?" ती हसायलाच लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. "आवं, त्याच सांजला डोळं उगडलं की तुमी. दिवं लागायच्या आदी. आन उगडल्या-उगडल्या च्या मागितला. डाक्टरनं पानी बी द्यू नगा म्हनलं व्हतं. मी न्हाई म्हनल्यावर मला काय म्हनलासा म्हाईत हाय? 'तू माज्या भावाची बायकू हाईस का माजी वैरीन?' लय लागलं व्हतं मला. नवी व्हते मी."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. "मग दोन दिवस आले कुठून?"

"तुमच्या आईनं आनलं."

आणि तिने सांगितलं ते असं. मुलगी झाल्याचा निरोप साताऱ्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सासरचे लोक बाळंतविडा घेऊन, जीप भरून, बाळ-बाळंतीण बघायला सांगलीत हजर. सासू, चुलतसासवा, नणंदा, शेजारच्या दोघी, शिवाय कुणाची तरी आत्या जी सहज आली होती. रिवाजच तसा, सगळ्यांनी यायचं, सगळ्यांनी बघायचं, पोट कुठे फाडलं तेही बघायचं. आणि दवाखान्यात एक वॉर्ड, त्यात मी टाके घातलेली, अंगावर धड कपडा नाही, दूध आलेलं नाही. नर्सने आधीच आईला दम दिला होता. आता व्याह्यांना "येऊ नका" कसं म्हणणार? माझी आई पडवीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अजून भुलीतच आहे. डॉक्टरांनी कुणाला सोडायचं नाही म्हटलंय."

"आन ते लोकं थांबलं की वो," वहिनी म्हणाली. "आमच्याकडं राह्यलं. रोज माज्याच हातच्या भाकऱ्या. दुसऱ्या दिवशी परत दवाखान्यात गेलं, परत आत्याबाईंनी, तुमच्या आईनं, त्येच सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्येंची भांगलन आली, तवा गेलं."

"आणि मी?"

"तुमी आत खुशाल झोपला व्हता. लेकरागत."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी साताऱ्याला जाऊन वकलं असतं. तुमच्या तोंडात तीळ तरी भिजत व्हता का?"

मी बाळाला घेऊन सासरी परतले तेव्हा सासूबाई दारात रडल्या. "मरणाच्या दारातून आली माझी सून," म्हणाल्या. पहिले काही महिने मला दळणाला बसवलं नाही की पाण्याला पाठवलं नाही. इतकं चांगलं वागवत होते की चौकशी करायची बुद्धी मला झालीच नाही. मला त्या दिवसांतलं फक्त एक दिवा आणि नर्सचं नाक एवढंच आठवत होतं, बाकीचं सगळं मी सासरच्या लोकांकडून ऐकलं. आईने त्यांना सांगितलं, त्यांनी मला सांगितलं, मी गावाला सांगितलं. कुणी तरी एकदा आईलाच विचारायचं. पण जिची गोष्ट सगळ्यांत भारी आहे, ती कशाला विचारेल?

हे घास थांबवून बसले होते. "मला बॉर्डरच्या पोस्टवर पत्र आलं होतं," ते म्हणाले. "दोन दिवस शुद्धी नाही म्हणून. मी त्या दिवशी बिडी सोडली. देवाला बोललो होतो."

"बरंच झालं की दाजी," वहिनी म्हणाली. "फुफ्फुसं वाचली तुमची. भाजी वाढू का?"

आता हे डॉक्टरपर्यंत पोचवायचं कसं? हॉस्पिटलला फोन लावला. रिसेप्शनवरची म्हणाली, मॅडमचा नंबर देता येत नाही, भेटीची वेळ घ्या, परवा या, पेशंटला घेऊन या. मी म्हटलं, पेशंट मीच आहे आणि साक्षीदार सांगलीकडे आहे. ती म्हणाली, साक्षीदाराचे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. "कागद नाही, बाई आहे," मी म्हटलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग त्यांना बोलायला लावा आणि आवाज पाठवा."

वहिनीने फोन तोंडासमोर आरशासारखा धरला आणि बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडून बोलली. भाकऱ्या किती लागल्या ते पण सांगितलं. आवाज गेला. आम्ही परतायची जीप चुकवून बसून राहिलो. दिवेलागणीला व्हिडिओ कॉल आला, समोर भुलीची डॉक्टर. दिसत होता फक्त तिच्या कपाळाचा भाग आणि मागची भिंत.

"ज्या बोलल्या त्या कुठे आहेत?" तिने विचारलं. वहिनीने पदर डोक्यावर घेतला.

"मावशी, त्या दिवशी ऑपरेशननंतर आजींच्या घशात नळी होती का?"

"घशात न्हाई. हाताला सलाईन, आन ती खालची लघवीची."

"ओठ निळे पडले होते?"

"निळं कशापायी? पान खाल्ल्यागत लाल व्हतं."

"हात-पाय हलवत होत्या?"

"मला ढकललं की त्यांनी. च्या दिला न्हाई म्हनून."

डॉक्टर लिहीत होती. मग तिने मला विचारलं, "आजी, त्यानंतर परत कधी भूल घेतली नाहीत ना?"

"नाही."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "आवं, आन त्ये कँपातलं?"

"कसला कँप?" फोनमधून आवाज आला.

दुसऱ्या मुलानंतर पाटणला कुटुंबनियोजनाचा कँप होता. माझ्याबरोबर शाळेतल्या आणखी बायका होत्या. तिथे सगळ्यांना ओळीने झोपवलं आणि ओळीने उठवलं. ते सगळ्याच बायकांचं झालेलं असतं, कान टोचल्यासारखं. आजारपणात ते कोण धरतं? "मी तुम्हाला विचारलं होतं, पूर्वी कधी ऑपरेशन म्हणून," ती म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही आजाराचं विचारताय."

"तिथे पूर्ण झोपवलं होतं? हातात सुई देऊन?"

"हो. मी त्या डॉक्टरना माझे दोन दिवस सांगायला तोंड उघडलं, तोवर सुई टोचलीसुद्धा. गोष्ट तोंडातच राहिली."

"आणि घरी कधी गेलात?"

"संध्याकाळच्या गाडीने. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, नाहीतर शाळेत गेले असते."

मग ती म्हणाली, "आजी, तुमच्यासाठी मी इतके दिवस पुस्तकं काढून वाचते आहे." रागावली होती की हसत होती, कपाळावरून कळेना. मग नीट सांगितलं. नुसत्या सांगण्यावर ती सगळं सोडणार नव्हती. संशयाचं ते एक औषध ती वापरणार नव्हती, दुसरं देणार होती, आणि ते उतरतं आहे की नाही हे तपासून मगच मला उठवणार होती. पण ऑपरेशन इथेच, साताऱ्यात. "येत्या मंगळवारी. उपाशीपोटी या. आणि आजी, मुलीला सांगा, तुमच्यामुळे तिचं काही थांबवायचं कारण नाही. तिला तिच्या डॉक्टरना सगळं सांगू दे, कँपासकट."

मंगळवारी सकाळी मला हिरवा गाऊन घातला, पाठीमागे नुसत्या नाड्या असलेला. त्या गाऊनमध्ये कुणाचाही रुबाब टिकत नाही. एक खरं सांगते, त्या दिवशी मला भीती वाटली. कँपाच्या वेळी नव्हती वाटली. तेव्हा मी तरुण होते आणि मला वाटायचं की मरून परत यायची मला सवय आहे. आता तो आधारही गेला होता. मी इतर कुणासारखीच एक म्हातारी, पोटात खडे असलेली, जिला झोपवणार होते. आतल्या दिव्याखाली झोपल्यावर ती डॉक्टर माझ्या डोक्याशी आली. तोंडावर मास्क, पण आता तिचे डोळे दिसत होते.

"दात हलत नाहीत ना?" तिने पुन्हा विचारलं.

"हललेले सगळे आधीच काढलेत."

"आणखी काही राहिलंय का सांगायचं? एखादा कँप?"

"नाही. सगळं सांगितलं."

मग हातातून काहीतरी गार वर चढत गेलं, आणि मी नाही.

नंतर लांबून कुणीतरी माझं सासरचं नाव घेत होतं. घसा खरवडल्यासारखा दुखत होता, पोटात कुणीतरी चार ठिकाणी चिमटे लावून ठेवल्यासारखं. डोळे उघडले तर तीच. मला वार विचारायचा होता, पण जीभ सुकून टाळूला चिकटली होती. तिने माझा उजवा हात हातात घेतला.

"आजी, माझं बोट दाबा. जोर आहे का बघू."

मी दाबलं.

"आणखी जोरात."

मी आणखी दाबलं. चाळीस पोरांच्या वर्गात खडू मोडेपर्यंत फळ्यावर लिहिलेला हात आहे हा.

"अगं आई गं," ती म्हणाली. "पुरे, पुरे. सोडा आता."